औषधाच्या मच्छरदाणीवर मच्छर बसतो पण मरत नाही, मग ती वापरायची कशाला?

एटापल्लीकर:
नमस्कार मंडळी. आमच्या गावात दोन पावसाळ्यांआधी औषधवाल्या मच्छरदाण्या वाटल्या. सुरुवातीला मच्छर टेकला की खाली पडलेला दिसायचा, आता टॉर्च मारून बघितलं तर जाळीवर आरामात बसलेला असतो आणि उडून जातो. कोणी म्हणतं औषध उतरलं, कोणी म्हणतं मच्छरच पक्के झाले. एकाने तर मच्छरदाणी नाल्यावर मासे धरायला नेली. खरं काय?

कीटकवाला:
दादा दोन्ही असू शकतं, एकाच वेळी. पण आधी तो मच्छर कुठला ते बघा. मलेरिया पसरवणारा ॲनोफिलिस बसला की शेपटीकडचा भाग वर उचललेला असतो, अंग आडवं ठेवून बसलेला बहुतेक क्युलेक्स, त्याने मलेरिया होत नाही.
आता पक्के होण्याचं. या जाळ्यांवर डेल्टामेथ्रिन नाहीतर अल्फा-सायपरमेथ्रिन असतं, दोन्ही एकाच घराण्यातली, मच्छराच्या नसेतलं सोडियमचं दार उघडंच ठेवतात म्हणून तो तडफडून मरतो. डीडीटी पण त्याच दारावर मार करायचं, त्यामुळे ज्या मच्छरांचं ते दार बदललंय त्यांना दोन्ही पचतात. काही मच्छर तर अंगातल्या एन्झाइमने औषध फोडूनच टाकतात. ॲनोफिलिसचीच एक जात, गोठ्यात बसणारा क्युलिसिफेसीस, बऱ्याच जिल्ह्यांत असा झालाय. त्याचीच दुसरी जात, जंगलातल्या वाहत्या ओढ्यांचा फ्लुविएटिलिस मात्र अजून बऱ्याच ठिकाणी औषधाला मरतो, आणि डोंगराळ जंगलपट्टीत मलेरिया पसरवण्यात तो पुढे आहे. म्हणून टॉर्चच्या उजेडात ठरवू नका, टेस्टमध्येसुद्धा मच्छर औषधाच्या कागदावर तासभर ठेवून २४ तासांनी मेलेले मोजतात.

मलेरियावाली ताई:
मी फील्डवर असते म्हणून सांगते, निम्म्या मच्छरदाण्या औषधामुळे नाही तर धुण्यामुळे जातात. सोडा-पावडर टाकून दगडावर आपटायची आणि कुंपणावर कडक उन्हात टाकायची, मग काय उरणार? साधा साबण, गार पाणी, सावलीत वाळवणं. साधारण २० धुण्यांपर्यंत आणि ३ वर्षं टिकेल असा हिशोब असतो, तोही नीट वापरली तर. आणि भोकं शिवा हो, औषध कमी झालं तरी अखंड जाळी चावू देत नाही. फक्त हातपाय जाळीला टेकवून झोपू नका, बाहेरून चावतो.

जंगलीबाबू:
सगळं लोकांवरच ढकला! मच्छर पक्के झालेत हे माहीत आहे तर तीच जाळी का वाटतात?

कीटकवाला:
प्रश्न बरोबर आहे. नव्या जाळ्या आहेत. पीबीओवाल्या, ज्यात मच्छराचं ते एन्झाइम दाबलं जातं, आणि क्लोरफेनापिरवाल्या, त्या नसेवर नाही तर पेशीतल्या शक्तीवर घाव घालतात. टांझानिया आणि बेनिनमधल्या ट्रायलमध्ये क्लोरफेनापिरच्या जाळ्या साध्यापेक्षा सरस ठरल्या, २०२३ मध्ये डब्ल्यूएचओने शिफारसही केली. पण महाग पडतात. आणि जुन्या एकदम फेकण्यासारख्या नाहीत, पाच देशांच्या एका अभ्यासात आपल्या शेजारचा छत्तीसगडचा कोंडागाव पण होता, तिथे मच्छरांत रेझिस्टन्स (म्हणजे औषधाला पक्केपणा) असूनही जाळीत झोपणाऱ्यांना मलेरिया कमीच झाला.

एटापल्लीकर:
धन्यवाद. पण मे महिन्यात तेंदूपत्त्याला जंगलात मुक्काम असतो, तिथे कुठे टांगायची?

मलेरियावाली ताई:
चार काठ्या रोवून त्यांना बांधा आणि कडा चटईखाली खोचा. परत आल्यावर ताप आला तर आशाकडे जाऊन लगेच रक्त तपासा, अंगावर काढू नका.