ओरिजनल वाजवा हो, पण शुक्रवारीच का?

खांबामागचं टेबल:

एक ब्लूज-रॉक बँड आहे, चौघांचा. गिटार वाजवत गाणारा एक, दुसरा गिटारवाला, बेस आणि ड्रम्स. सहा वर्षं दर शुक्रवारी एकाच बारमध्ये वाजवतात आणि जवळजवळ तेवढीच वर्षं मी त्यांना ऐकतोय. नाव लिहीत नाही, भले लोक आहेत. 45-45 मिनिटांचे तीन सेट. पहिला लोक स्थिरस्थावर होईपर्यंत, दुसरा खरा, तिसरा ज्यांना घरी जायचं नाही त्यांच्यासाठी.

गेल्या महिन्यात गायक माइकवर आला आणि म्हणाला, "आजपासून फक्त आमची गाणी." टाळ्या पडल्या. दुसऱ्याच्या मुलाचे मार्क ऐकून पडतात तशा. मग एकामागून एक नवी गाणी. दुसऱ्या सेटच्या मध्यावर एक संथ गाणं लागलं आणि टॉयलेटसमोर रांग लागली. मी मोजली, नऊ माणसं. नेहमी स्टेजसमोर नाचणारं जोडपं बिल मागवून मोकळं झालं.

माझं म्हणणं सरळ आहे. ब्लूजमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या या जुन्या गाण्यात, "स्वतःचं गाणं" या गोष्टीचा एवढा बाऊ कशाला? बी. बी. किंगचं सगळ्यात गाजलेलं गाणं, 'द थ्रिल इज गॉन', मुळात रॉय हॉकिन्सचं, 1951 मधलं. किंगने ते 1969 मध्ये रेकॉर्ड केलं आणि आज हॉकिन्सचं नाव किती जणांना आठवतं? रॉबर्ट जॉन्सनची 1936-37 मधली सगळी मिळून 29 गाणी. त्यातलंच एक उचलून क्रीम या बँडने 1968 मध्ये असं वाजवलं की पुढच्या पिढीचे गिटारवाले तेच घोकत बसले. साचा बारा बारचा (हा बार म्हणजे तालाचं माप, दारूचा नव्हे), तीन कॉर्ड, सगळ्यांचा सामाईक. त्यात तुम्ही काय ओतता ते तुमचं. रोलिंग स्टोन्ससारख्यांनी 2016 मध्ये अख्खा अल्बम दुसऱ्यांच्या ब्लूज गाण्यांचा काढला, त्यांना कमीपणा वाटला नाही.

आमचा बँड एक जुनं शफल (हेलकाव्याच्या ठेक्याचं गाणं) असं वाजवायचा की ड्रमर किंचित मागे रेलायचा आणि अख्खी खोली त्याच्याबरोबर मागे रेलायची. ते त्यांचंच होतं की! ते टाकून हे कशाला?

---

बेसवाला:

दुसऱ्या बँडमध्ये बेस वाजवतो, म्हणून पलीकडची बाजू सांगतो.

एकच गाणं काहीशे वेळा वाजवलं की बोटं आपोआप चालतात. मागे एकदा सोलो चालू असताना मी मनात गाडीच्या विम्याचा हप्ता मोजत होतो. चूक एकही झाली नाही आणि तीच गोष्ट मला खटकली. तुम्हाला खोली रेललेली दिसते, आम्हाला तीच रेलायची जागा चारशेव्यांदा दिसते.

स्टोन्सचं उदाहरण तर तुमच्यावरच उलटतं. 1964 च्या त्यांच्या पहिल्या अल्बमवर बहुतेक गाणी दुसऱ्यांचीच होती. तिथेच थांबले असते तर 2016 मध्ये त्यांचा अल्बम ऐकायला कोण बसलं असतं? आधी स्वतःची गाणी झाली, मग दुसऱ्यांची गाण्याची चैन परवडली.

आणि "बारमध्ये नवं गाणं नको" म्हणता? गीतकार विली डिक्सन सांगायचा ती गोष्ट ऐका. 'हूची कूची मॅन' लिहून तो मडी वॉटर्स या गायकाकडे गेला तेव्हा मडी शिकागोच्या क्लबात वाजवत होता. दोन सेटच्या मधल्या सुटीत डिक्सनने त्याला टॉयलेटमध्ये नेलं, तिथेच ती थांबत-थांबत येणारी रिफ (पुन्हा पुन्हा वाजणारी छोटी सुरावट) आणि शब्द शिकवले आणि मडीने बाहेर येऊन त्याच रात्री ते वाजवलं. रेकॉर्ड निघाली 1954 मध्ये. म्हणजे त्या रात्री त्या क्लबात कोणी तुमच्यासारखा खांबाला टेकून "जुनं वाजव" म्हणून ओरडला असेलच. मडीने ऐकलं नाही.

---

तीन बिअर:

पैसे देणाऱ्याला आवडेल ते वाजवा. विषय संपला.

---

बेसवाला:

पैसे बिअरचे देता. आम्ही बिअरबरोबर येतो. शेंगदाण्यांसारखे.

---

फेडर:

साउंडवर बसतो, अनेक बँड पाहिलेत. तुम्ही दोघंही तत्त्वावर भांडताय, मला मात्र बहुतेक वेळा भानगड फार बारीक दिसते.

कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं, चालू असतं तेव्हा शब्द ऐकणाऱ्याच्या डोक्यात आधीपासून असतात. गायकाचा आवाज गिटारखाली दबला तरी लोक स्वतःच गाळलेल्या जागा भरतात. नव्या गाण्यात भरायला डोक्यात काहीच नसतं. छोट्या बारमध्ये गिटारचा अॅम्प (तिचा आवाज मोठा करणारा खोका) गायकाच्या बरोबर पाठीमागे, कानाच्या उंचीवर. त्यातला निम्मा आवाज गायकाच्याच माइकमध्ये शिरतो. मग मी माइक वर केला की गिटारही वर येते. गिटारवाल्याला "कमी कर" म्हटलं की तो बटण हलवल्यासारखं करतो आणि ते तिथेच ठेवतो. (हा प्रकार सगळीकडे सारखाच, अपवाद अजून भेटायचाय.) परिणाम काय, तर चार मिनिटं एक माणूस कशाबद्दल तरी फार कळवळून ओरडतोय एवढंच ऐकणाऱ्याला कळतं. असं गाणं त्याचं होणार कधी?

उपाय फुकटचा आहे. अॅम्प बाजूला सरकवा, तिरका करा, स्टेजवरचा आवाज खाली आणा. मी एका बँडला नव्या गाण्यांसाठी एवढंच करायला लावलं. दुसऱ्या कडव्याला पुढच्या टेबलावरची बाई हसली. गाण्यात विनोद होता, तो पहिल्यांदाच कोणाला ऐकू गेला होता.

दुसरं, "हे आमचं नवीन गाणं" हे वाक्य माइकवर बंद करा. लोकांना आपोआप परीक्षक व्हावंसं वाटतं. आधीचं शफल संपता संपता त्याच लयीत नवं सुरू करा, संपल्यावर सांगा हवं तर.

आणि टॉयलेटच्या रांगेचं म्हणाल तर ती मी रोज पाहतो. दुसऱ्या सेटमधलं पहिलं संथ गाणं. कोणाचंही असो.

---

तिसरी ओळ:

फेडर यांच्याशी सहमत, पण समजा शब्द ऐकू आले, तर पुढे काय?

मी गाणी लिहिते, म्हणून माझं लक्ष तिकडेच जातं. असे बँड "आमचं" म्हणून जे गातात त्यात काय असतं? सकाळी उठलो, ती निघून गेली, आगगाडी, व्हिस्की, चौरस्त्यावर सैतान. अरे, तू आलास स्कूटरवर, जाशील स्कूटरवर! ज्यांनी ते लिहिलं त्यांच्या आयुष्यात आगगाडी खरी होती, काम शोधायला अमेरिकेची दक्षिण सोडून उत्तरेला जायचं साधनच ते. तुम्ही नुसता डबा उचललात. मग त्यापेक्षा जॉन्सनचंच वाजवलेलं बरं, या मुद्द्यावर मी धागाकर्त्यांच्या बाजूची.

पण साचा किती चांगला आहे बघा. एक ओळ म्हणायची, तीच थोडी हलवून पुन्हा म्हणायची, तिसऱ्या ओळीत उत्तर द्यायचं. पुनरावृत्ती म्हणजे आळस वाटतो, पण ती तिसऱ्या ओळीसाठी ऐकणाऱ्याला ताटकळत ठेवते. आत्ता बसल्या बसल्या:

*फोन दिवसभर वाजतोय, मी उचलत नाही,*
*अगं, फोन दिवसभर वाजतोय, मी काही उचलत नाही,*
*ज्याचा यावा असं वाटतं, त्याच्याकडे नंबरच नाही.*

फार थोर नाही, मान्य. पण यात आगगाडी नाही, आणि तिसरी ओळ ऐकायला माणूस उठायचा थांबेल एवढं तरी आहे. जे लिहायचं ते आपल्या रोजच्या जिण्यातलं लिहा. भाषा कुठलीही असो.

---

तीन बिअर:

नंबर मी देतो. ह. घ्या.

---

माजी ड्रमर:

सगळे गाण्यांवर बोलताहेत, भांडणावर कोणीच नाही.

कव्हर वाजवत होतो तोवर आमचा बँड सुखाने चालला. पैसे चार वाटे करून घरी. दुसऱ्याच्या गाण्यावर कोण भांडणार? मग ओरिजनल सुरू झाली. एका तालमीत मी नुसता हातचाळा म्हणून एक ठेका धरला, बेसने त्यावर चार सूर टाकले, गिटारवाला हसला आणि गायकाने गुणगुणायला सुरुवात केली. वीस मिनिटांत गाणं. तशी संध्याकाळ माझ्या आयुष्यात पुन्हा आली नाही, हे आधी सांगतो. तीन महिन्यांनी रेकॉर्डिंग झालं आणि गीतकार-संगीतकार म्हणून नाव आलं एकट्या गायकाचं. कारण काय, तर कायद्याच्या भाषेत "गाणं" म्हणजे चाल आणि शब्द. ठेका त्यात सहसा धरत नाहीत. म्हणजे ज्यावर घर उभं राहिलं तो पाया हिशेबात नाही! भांडलो, रुसलो, सोडून आलो. ते गाणं अजून ऐकवत नाही मला.

शहाण्यांनी हे आधीच मिटवलेलं असतं. आर. ई. एम.ने गाणी चौघांच्या नावावर सारखी टाकली. क्वीन 1989 पासून बँडचं एकच नाव लावायला लागले, त्याआधी वर्षानुवर्षं कोणाचं गाणं यावर कुरबुरी होत्या. तेव्हा पहिलं गाणं बांधायच्या आधी एका कागदावर चौघांच्या सह्या.

आणि ब्लूजमध्ये आणखी एक खड्डा. "आमचं" म्हणताना खात्री करा की ते खरंच तुमचं आहे. बारा बारचा साचा कोणाच्या मालकीचा नाही, पण शब्द आणि चाल असतात. 1969 मध्ये लेड झेपलिन या बँडने 'होल लॉटा लव्ह' स्वतःच्या नावावर काढलं, त्यातले शब्द आपल्या जुन्या गाण्यातले म्हणून डिक्सनने 1985 मध्ये दावा लावला आणि 1987 मध्ये तो तडजोडीने मिटला. आता श्रेयात डिक्सनचंही नाव असतं. हो, तोच डिक्सन, टॉयलेटमध्ये गाणं शिकवणारा.

---

बेसवाला:

कागदाचं पटलं, उद्याच्या तालमीला घेऊन जातो. फक्त काळजी अशी की कागद काढला की सगळ्यांना कळेल आपण एकमेकांवर किती विश्वास ठेवतो ते. आमच्याकडे नऊ वर्षांत हा विषय निघालेला नाही. रिफ बहुतेक माझ्या असतात.

---

माजी ड्रमर:

म्हणूनच उद्या.

---

खांबामागचं टेबल:

सगळ्यांना एकत्रच उत्तर देतो. माझा मुद्दा मी अजून सोडलेला नाही. अख्खी रात्र नवी गाणी म्हणजे पाहुण्याला दारातच फोटोंचा अल्बम दाखवायला बसवणं. सेटमध्ये चार-पाच, तीही जुन्यांच्या कुशीत दडवून, एवढं झालं तरी पुरे. बेसवाले, तुमचा कंटाळा कळतो, पण मी शुक्रवारी तुमचा कंटाळा घालवायला येत नाही, माझा घालवायला येतो.

"ब्लूजमध्ये कोणी लिहिलं याला अर्थ नाही" हे मात्र मागे घेतो. हॉकिन्सचं नाव कोणाला आठवतं, असं मी फुशारकीने विचारलं होतं. माजी ड्रमर यांचं वाचल्यावर ते वाक्य मला स्वतःलाच बोचलं.

काल शुक्रवार होता. फेडर यांचं लिखाण मी मधल्या सुटीत गायकाला दाखवलं. त्याने काही न बोलता अॅम्प हातभर बाजूला ओढला आणि भिंतीकडे तिरका केला. गिटारवाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं. दुसऱ्या सेटमध्ये परत ते संथ गाणं. मीही रांगेत होतो, वय झालं. परत आलो तर गाणं चालूच, शेवटचं कडवं, आणि पहिल्यांदाच शब्द स्वच्छ ऐकू येत होते. कोणीतरी कोणाचं तरी घर आवरतंय, कपाटात शेवटी एकच हँगर उरतो, असं काहीसं. सुरुवात हुकली होती, त्यामुळे घर कोणाचं ते कळेना. सेट संपल्यावर जाऊन विचारलं.

गायक वायर गुंडाळत होता. म्हणाला, "पुढच्या वेळी आधी जाऊन या."