डोळे मिटवत नसतील तर आधी अंग सैल करा

वर एका ताईंनी लिहिलंय की भ्रामरीला (भुंग्यासारखा आवाज काढत श्वास सोडायचा प्राणायाम) डोळे मिटले की विचार जास्तच अंगावर येतात. ताई, माझंही हेच व्हायचं. ऐन सोयाबीन काढणीत पाऊस लागून राहिला होता, रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही. शेवटी मनाच्या मागं लागणं सोडलं आणि अंगापासून सुरुवात केली.

एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांनी १९२०च्या दशकात ही पद्धत बसवली. अंथरुणावर पडायचं, पायाची बोटं पाच-सात सेकंद आवळायची, मग एकदम सोडायची आणि वीसेक सेकंद नुसतं ते सैलपण बघायचं. मग पोटऱ्या, मांड्या, मुठी, खांदे, शेवटी जबडा. मी दिवसभर दात आवळून फिरतोय हे मला तेव्हा कळलं! श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या, त्यानं ठोके मंदावतात. भ्रामरीतही मुख्य काम त्या लांब उच्छ्वासाचंच आहे, त्यामुळं ती डोळे उघडे ठेवून केली तरी चालेल.

आमच्या परभणीकडं आई करडईचं तेल लावून काशाच्या वाटीनं तळपाय घासायची. वाटीखाली येणारा काळेपणा लोक म्हणतात तसा अंगातून निघालेल्या उष्णतेचा नसतो, तेल आणि धातूच्या घर्षणाचा असतो. पण झोप लागायची, हे खरं. कुणीतरी आपले पाय हातात घेतलेत, याचाही त्यात मोठा वाटा असावा.

मात्र दोन-तीन आठवडे झोप नसेल किंवा जगणं नको वाटत असेल तर वाटी-तेलावर थांबू नका. सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.