मदत हवी आहे: मिश्री आणि कमी वजनाची बाळं, केस-कंट्रोल की कोहोर्ट?

प्रबंधाचा विषय: गरोदरपणातली मिश्री (दाताला लावायची भाजलेल्या तंबाखूची पूड) आणि 2500 ग्रॅमपेक्षा कमी वजनाची बाळं. कोहोर्ट (गरोदर बायकांची आधी नोंद करून बाळंतपणापर्यंत पाठपुरावा) केला तर पहिलटकरणी सातव्या महिन्यात माहेरी जातात, फॉलोअप तिथेच तुटतो. म्हणून केस-कंट्रोलकडे कल आहे: कमी वजनाच्या बाळांच्या आया म्हणजे केसेस, पुरेशा वजनाच्या बाळांच्या आया म्हणजे कंट्रोल, आणि दोघींना मागची सवय विचारायची. कंट्रोलमध्ये मिश्री 20 टक्के, ऑड्स रेशो (केसेसमध्ये सवयीची शक्यता कंट्रोलच्या किती पट) 2, पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) 80 टक्के धरून प्रत्येक गटात साधारण 173 बाळंतिणी लागतात.

घोडं अडतंय कंट्रोलवर. केसेस लांबून रेफर होऊन येतात, कंट्रोल जवळच्या वस्तीतले, सवयीच वेगळ्या. गाव जुळवलं तर ओव्हरमॅचिंग (गरजेपेक्षा जास्त जुळवणी) होऊन फरकच पुसला जाईल ना? की फक्त वय आणि खेप (कितवं बाळंतपण) जुळवून कंडिशनल लॉजिस्टिक रिग्रेशन (जुळवलेल्या जोड्यांसाठीचं विश्लेषण) करावं?

शिवाय मिश्री लावता का असं सासूसमोर विचारलं की उत्तर ‘नाही’च. त्याऐवजी ‘मिश्रीची डबी किती दिवस पुरते?’ हा प्रश्न कुणी प्रश्नावलीत वापरलाय का?