फवारणीच्या ड्रोनलाही नंबर लागतो

एकानं विचारलंय, फवारणीच्या ड्रोनला विमानासारखा नंबर लागतो का. लागतोच भाऊ. भारतातल्या विमानावर व्हीटीनं (VT) सुरू होणारी नोंदणीची अक्षरं असतात, तसा ड्रोनलाही स्वतंत्र ओळख क्रमांक. २०२१ च्या ड्रोन नियमांतच आहे ते, आणि मॉडेलला टाइप सर्टिफिकेटही, म्हणजे ते मॉडेल तपासून मान्य केल्याचा दाखलाही लागतो.

मागच्या हंगामात वणीकडं आमच्या कपाशीवर आलेल्या ड्रोनचा नंबर चिखलानं झाकला होता. फडक्यानं पुसला, तर शेवटचा आकडा नोंदणीच्या कागदाशी जुळेना. मी फवारणी थांबवली, मजुरी बुडाली तरी.

दुसरं म्हणजे पातं, मोटर, बॅटरी बदलली की त्याच दिवशी वहीत लिहा, उडालेल्या तासांसकट. विमान दुरुस्तीनंतर इंजिनीयरच्या सहीशिवाय उडत नाही. इथं तर १० लिटर औषध बायामाणसांच्या डोक्यावरून जातं. पात्याचा बारीक तडा नजरेला दिसत नाही, बोट फिरवून पाहा.