ऑक्सिमीटर, वही आणि एक फोटो

(कोरोनाच्या काळात एका सोसायटीच्या ग्रुपवरचा संवाद. सुरुवातीचे आकडे फ्लॅटचे क्रमांक आहेत.)

३०४ : नमस्कार. तळमजल्यावरच्या कपाटातला सोसायटीचा ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत मोजायचे यंत्र) कालपासून जागेवर नाही. सासऱ्यांना चार दिवसांपासून ताप आहे आणि दर सहा तासांनी नोंद ठेवा, असे डॉक्टरांनी बजावले आहे. ज्यांच्याकडे तो असेल त्यांनी कृपया दाराबाहेर ठेवावा, मी येऊन नेईन.

खजिनदार : वस्तू नेताना वहीत फ्लॅट क्रमांक आणि वेळ लिहायची, असे सभेत ठरले होते. शेवटची नोंद रविवारची आहे.

१०२ : काका, नोंद का होत नाही हे आपण सगळेच जाणतो. मागच्या महिन्यात त्याच वहीचा फोटो या ग्रुपवर आला आणि त्यात नोंद असलेल्या कुटुंबाशी जिन्यातून बोलणेसुद्धा लोकांनी टाकले. त्यानंतर कोण आपण होऊन आजार सांगेल?

५०१ : फोटो मी टाकला होता, आणि तो सर्वांच्या काळजीपोटीच टाकला होता. दर वेळी तेच उगाळायचे असेल तर मी यापुढे काही बोलणार नाही.

३०४ : मला वाद नको, यंत्र हवे आहे.

२०१ (निवृत्त परिचारिका) : ताई, तोवर सासऱ्यांना पालथे झोपता येत असेल तर तसे झोपू द्या आणि खिडक्या उघड्या ठेवा. कोरोनात ऑक्सिजन उतरला तरी धाप लागत नाही असे पुष्कळदा होते, म्हणून ‘बरे वाटते आहे’ एवढ्यावर विसंबू नका. यंत्र मिळाल्यावर आकडा ९४ च्या खाली दिसला, किंवा सहा मिनिटे घरातच चालल्यावर तो तीनने घसरला, तर लगेच डॉक्टरांना फोन करा. मात्र आधी हात चोळून ऊब आणा. परवा एका आजींचा आकडा ८८ आला आणि घरात रडारड झाली. बोटे गार होती, नखांना रंग होता. रंग पुसून, अर्धा मिनिट थांबून पाहिले तर ९७.

खजिनदार : म्हणूनच म्हणतो, नोंद आवश्यक आहे.

४०१ : मी एकटी राहते. सकाळी नऊला तुमच्यापैकी कोणाचा तरी फोन येतो, त्यासाठी मी साडेआठपासून आवरून बसते. मार्च २०२० मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने ‘सामाजिक’ऐवजी ‘शारीरिक’ अंतर म्हणा असे सुचवले होते. ते आपल्या जिन्यापर्यंत पोहोचलेले दिसत नाही.

सचिव : आजपासून वही २०१ ताईंकडे राहील. यंत्र हवे असल्यास त्यांना फोन करावा. कोणाचेही नाव, क्रमांक किंवा फोटो ग्रुपवर येणार नाही. ५०१, आपल्यालाही ही विनंती आहे.

५०१ : मान्य. त्या कुटुंबाला मी आज फोन करतो.

खजिनदार : फोनवर का होईना, नोंद मात्र व्हावी.

५०२ : यंत्र माझ्याकडे आहे. पत्नीला परवापासून ताप आहे आणि नाव सगळीकडे होईल या भीतीने मी न लिहिता नेले. चूक माझी आहे. स्पिरिटने पुसून ३०४ च्या दाराशी ठेवले आहे.

३०४ : मिळाले. सासऱ्यांचा आकडा ९५ आहे. वहिनींचा शेवटचा किती होता? दुपारी दोनला यंत्र तुमच्या दाराशी आणून ठेवते.