मदत हवी आहे: विधी आयोगाच्या शिफारशीचा कायदा का होत नाही?

कोयनाकाठ
मावशी मार्चमध्ये गेली. ठाण्याचा फ्लॅट तिने स्वतःच्या पगारातून घेतला होता. आता काकांचे पुतणे म्हणतात, फ्लॅट आमचा. विधी आयोगाने, म्हणजे सरकारला कायद्यात बदल सुचवणाऱ्या आयोगाने, २००८ मध्येच २०७ व्या अहवालात सांगितलंय की अशा वेळी सासरच्यांबरोबर बाईच्या भावंडांनाही सारखा वाटा द्यावा. वकील म्हणतात, अहवाल म्हणजे कायदा नव्हे. मग आयोग नेमतात कशाला? कुणाला लिहायचं? लवकर सांगा, पुतण्यांचा अर्ज सोसायटीत गेलाय.

उंबरठा
मूलबाळ? काका हयात आहेत? मृत्युपत्र? नॉमिनी कोण?

कोयनाकाठ
मूल नाही. काका आधीच गेले, आजी-आजोबाही नाहीत. मृत्युपत्र असतं तर इथे कशाला विचारलं असतं? नॉमिनी माझी आई.

जुना_कारकून
विधी आयोग कायद्याने स्थापन झालेला नाही. केंद्र सरकार ठराव करून नेमतं, साधारण तीन वर्षांसाठी. अहवाल कायदामंत्र्यांकडे जातो, संसदेच्या पटलावर ठेवतात आणि संबंधित खात्याकडे पाठवतात. स्वीकारायचा की नाही, हे सरकारच्या हातात. वारसा हा समवर्ती सूचीतला विषय, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघंही त्यावर कायदा करू शकतात, म्हणून राज्यांची मतं मागवतात. पुढे मसुदा, मंत्रिमंडळ, विधेयक, बहुधा स्थायी समिती, दोन्ही सभागृहं, राष्ट्रपती. मुदत कशालाच नाही, फाइल कुठेही थांबते.
मुलींना सहदायिक हक्क, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलांसारखाच जन्मतः वाटा, देण्याबद्दलचा १७४ वा अहवाल मे २००० चा. विधेयक राज्यसभेत आलं डिसेंबर २००४ मध्ये, कायदा लागू झाला ९ सप्टेंबर २००५ ला. तेही महिला संघटनांनी पिच्छा सोडला नाही म्हणून. २०७ व्या अहवालामागे असं कुणी उभं राहिलं नाही, याचा मला आजही राग येतो.

सह्यकडा
दिल्लीच्या तोंडाकडे कशाला बघायचं? महाराष्ट्राने मुलींना हा हक्क १९९४ लाच दिला होता. आमदाराला गाठा.

जुना_कारकून
राज्य दुरुस्ती करू शकतं, पण केंद्राच्या कायद्याशी विसंगत असली तर राष्ट्रपतींची संमती लागते. १९९४ लाही हाच मार्ग होता.

सह्यकडा
मग खासदाराकडून खासगी विधेयक आणा.

जुना_कारकून
१९७० नंतर एकही खासगी विधेयक संसदेत मंजूर झालेलं नाही. विषय चर्चेत येतो, एवढाच उपयोग.

मांडवीतीर
आमच्या गोव्यात लग्नानंतर मालमत्ता सहसा नवरा-बायकोची निम्मी निम्मी. वारशाचा कायदाही वेगळा. तोच देशभर लावा.

उंबरठा
फ्लॅट ठाण्याला आहे हो.

शिलालेख
थोडं अवांतर. पहिला विधी आयोग १८३४ चा, मेकॉलेचा. त्याने केलेली दंडसंहिता कायदा झाली १८६० मध्ये. स्वातंत्र्यानंतरचा पहिला आयोग १९५५ चा. सरन्यायाधीश राहिलेले आपले गजेंद्रगडकर १९७१ ते ७७ आयोगाचे अध्यक्ष होते. त्या काळावर स्वतंत्र धागा काढायला हवा.

रातराणी
लग्न रजिस्टर होतं का? विशेष विवाह कायद्याखाली असेल तर हिंदू वारसा कायदा लागूच होत नाही. माझ्या बहिणीच्या वेळी हेच सांगितलं होतं.

उंबरठा
दोघंही हिंदू असतील तर लागू होतो. विशेष विवाह कायद्यात १९७६ मध्ये तसं कलम २१अ घातलंय. असं अर्धवट सांगू नका, लोक त्यावर पैसे घालवतात.
कोयनाकाठ, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, आईंचं नाव तेवढ्यासाठी पुरत नाही. आणि कडू वाटेल, पण उद्या कायदा बदलला तरी मावशींच्या फ्लॅटला सहसा उपयोग नाही. मृत्यूच्या दिवशी जो कायदा असतो, तोच वारस ठरवतो. आज हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५(१) प्रमाणे मुलं आणि नवरा नसतील तर नवऱ्याचे वारस आधी, माहेर नंतर. कलम १५ ला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, त्याबद्दल वकिलांना विचारा.

कोयनाकाठ
तिने एकटीने हप्ते फेडले. पुतणे दवाखान्यात फिरकलेसुद्धा नाहीत. म्हणजे चिपळूणची जागाही त्यांचीच?

उंबरठा
कुठली जागा?

कोयनाकाठ
आजोबांची. तिच्या नावावर आहे.

जुना_कारकून
हे आधी सांगायचं ना! आई-वडिलांकडून वारशाने आलेली मिळकत, मूल नसेल तर, कलम १५(२) प्रमाणे वडिलांच्या वारसांकडे जाते. पुतण्यांचा हक्क नाही.

उंबरठा
वारशाने आली असेल तरच. आजोबांनी हयातीत बक्षीसपत्र करून दिली असेल तर हे कलम लागत नाही. सातबाऱ्यावर नाव आहे एवढ्यावर ठरवू नका. फेरफार काढा, त्यात जागा कशी आली ते लिहिलेलं असेल.

कोयनाकाठ
मामाला आत्ताच फोन केला. सोमवारी तलाठ्याकडे जातोय. फेरफार मिळाला की इथेच लिहिते.