मदत हवी आहे: हित्ती पाटीवरून मूळ पाठाचा काळ कसा ओळखायचा?

नमस्कार मंडळी,

सध्या हत्तुशाच्या (प्राचीन हित्ती राज्याची राजधानी, तुर्कस्तानातलं बोआझकॉय) मातीच्या पाट्यांवर वाचन चालू आहे, अर्थात भाषांतरांतून. कथा, विधी, देवदेवता यात मजा येते. अडतोय तो पाठपरंपरेशी, म्हणजे एक मजकूर नकलांमधून कसा पुढे आला याच्याशी.

‘मुक्तीचं गीत’ घ्या. १९८३ पासून सापडलेल्या या पाट्यांवर डावीकडे हुरियन (हित्तींच्या शेजारची एक वेगळी प्राचीन भाषा) मजकूर आणि उजवीकडे त्याचं हित्ती भाषांतर आहे. अक्षरवळण इ.स.पू. १४०० च्या आसपासचं. पण कथा सीरियातल्या एब्ला नगरीची, जी इ.स.पू. १६०० च्या सुमारास उद्ध्वस्त झाली. शिवाय हुरियन भाषा मितान्नीचा राजा तुश्रत्ता याने इजिप्तला पाठवलेल्या, अमार्नाला सापडलेल्या इ.स.पू. १४ व्या शतकातल्या पत्रातल्यापेक्षा जुन्या वळणाची. म्हणजे पाटीचा काळ एक, भाषांतराचा दुसरा, मूळ रचनेचा तिसरा. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची आणि नाथांनी शुद्ध केलेली प्रत शके १५०६ ची, तसंच काहीसं. फक्त नाथांनी शेवटी शक लिहून ठेवला, हित्ती लेखनिक वर्ष घालतच नाहीत!

त्यांच्या पुष्पिका (पाटीच्या शेवटी लेखनिकाने लिहिलेली नोंद) मात्र बोलक्या असतात. कुमार्बी या देवाच्या गीताच्या पाटीवर अशपा नावाचा लेखनिक सांगतो, की जुनी पाटी झिजली होती म्हणून त्याने झिती यांच्यासमोर ती पुन्हा लिहिली. हिशुवा उत्सवाच्या पाट्यांवर नोंद आहे, की हित्ती राणी पुदुहेपाने मुख्य लेखनिक वल्वाझिती याला हत्तुशात किझ्झुवत्ना या दक्षिणेकडच्या प्रदेशाच्या पाट्या शोधायला लावलं. नक्कल केव्हाची हे यातून बरंचसं कळतं. पण जिच्यावरून नक्कल केली ती पाटी किती जुनी?

एक खूण वाचनात आली: जुन्या हित्तीत वाक्यं जोडायला ‘शु’ आणि ‘ता’ येतात, पुढे बहुतेक ठिकाणी ‘नु’च. उशिराच्या वळणातल्या पाटीत ‘ता’ दिसला तर मूळ जुनं, असं धरायचं का? की लेखनिक मुद्दाम जुनाट भाषा वापरत? आणि मजकूर हुरियनमधून आलेला असेल तर ही खूण फार तर भाषांतराचाच काळ सांगेल ना?

दुसरं, फ्रेंच अभ्यासक लारोश यांच्या हित्ती मजकुरांच्या १९७१ च्या सूचीतले क्रमांक. ती सूची विषयवार आहे, त्यामुळे एका क्रमांकाखालच्या पाट्या एकाच मूळ प्रतीच्या असतील असं मला वाटत नाही. इत्कल्झि शुद्धिविधीचे तुकडे हत्तुशातही मिळतात आणि ओर्ताकॉयलाही (प्राचीन हित्ती शहर शापिनुवा). कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून आली ही त्यांची वंशावळ मांडताना पाठभेदांवर भर द्यायचा, की सापडलेल्या जागेवर?

कुणी कीलाकार लिपी (या पाट्यांवरची खिळ्यांसारखी अक्षरं) किंवा हस्तलिखितशास्त्र शिकलं असेल तर कृपया सांगा. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची पद्धत माहीत असलेल्यांचं मतही हवंय. या विषयावरचं बरंचसं लेखन जर्मनमध्ये आहे आणि माझं जर्मन कच्चं, तेव्हा इंग्रजीतलं काही सुचवलंत तर फार बरं होईल.